दाराशी, दारावर, दारात : इंग्रजीत जागा सांगताना 'इन', 'ऑन' की 'ॲट'?

दारावर पाटी असते, दाराशी चपला असतात आणि दारात आजी उभी असते. हा फरक आपल्याला कुणी शिकवलेला नसतो, तरी चौथीतलं पोरही त्यात चुकत नाही. पण आपणच 'दारावर कोणीतरी आलंय' असंही म्हणतो, आणि तिथे घोटाळा होतो. माझ्या शिकवणीला येणाऱ्या एका मुलाने हेच वाक्य इंग्रजीत केलं, 'समवन इज ऑन द डोअर'. मी त्याला फळ्यावर चित्र काढायला सांगितलं. त्याने दार काढलं, माणूस काढला आणि स्वतःच हसायला लागला, कारण त्याच्या वाक्यातला माणूस पालीसारखा दाराला चिकटला होता. हवं होतं 'ॲट द डोअर'.

चूक इंग्रजी न येण्याची नव्हती, भाषांतराच्या घाईची होती. 'वर' दिसलं की 'ऑन', 'त' किंवा 'मध्ये' दिसलं की 'इन' अशी जोडी आपल्या डोक्यात शाळेपासून पक्की बसलेली असते. पण आपला 'वर' किती कामं करतो ते एका नदीवरच बघा. नदीवर पूल आहे, इथे इंग्रजीत 'ओव्हर' किंवा 'अक्रॉस'. नदीवर होडी आहे, इथे 'ऑन'. नदीवर बायका धुणं धुताहेत, इथे 'ॲट'. आई नदीवर गेली, इथे 'टू'. मराठीत शब्द एक, इंग्रजीत चार. म्हणून प्रत्ययाला प्रत्यय जोडायचा नाही, चित्राला शब्द जोडायचा. पुढची सगळी पद्धत एवढ्याचसाठी आहे.

आणखी एक अडचण क्रमाची. मराठीत आधी नाम येतं, मग शब्दयोगी अव्यय त्याला चिकटतं. 'टेबला…' म्हणेपर्यंत 'वर' की 'खाली' हे ठरवायला आपल्याला उसंत असते. इंग्रजीत नाम तोंडातून निघायच्या आधीच निर्णय झालेला लागतो. बोलताना आपण नेमके तिथे अडखळतो ते यामुळे. सुरुवातीला अर्धा क्षण थांबून बोललात तर काही बिघडत नाही.

पहिली पायरी : प्रत्यय पुसून टाका

वाक्यातली फक्त दोन नावं कागदावर लिहा, वस्तू आणि जागा. 'अंगठी, बोट'. 'चप्पल, पाय'. 'पंखा, छत'. मधला प्रत्यय लिहायचाच नाही. आता डोळ्यांपुढे चित्र आणा.

आपण म्हणतो बोटात अंगठी, पायात चप्पल. नीट पाहिलं तर अंगठी बोटात नसते, बोट अंगठीत असतं. चप्पलही पायात नसते. इंग्रजीला इथे बोटाच्या कातडीवर टेकलेली अंगठी दिसते, म्हणून 'अ रिंग ऑन हर फिंगर', 'शूज ऑन हिज फीट', 'अ वॉच ऑन माय रिस्ट'. यावरून इंग्रजी जास्त तर्कशुद्ध आहे असं मात्र समजू नका. टोपी घातलेल्या माणसाला तीच भाषा 'द मॅन इन द हॅट' म्हणते, जणू अख्खा माणूस टोपीत बसलाय. आणि केसातला गजरा इंग्रजीतही 'इन हर हेअर'च असतो. दोन्ही भाषांनी आपापल्या सोयीने जग कापलंय. आपल्याला फक्त त्यांची कात्री कुठून जाते ते पाहायचंय.

दुसरी पायरी : ठिपका, पाठ की पोट?

आता जागेकडे बघून एकच प्रश्न विचारा. ही जागा मला या वाक्यात कशी दिसतेय? नकाशावरच्या ठिपक्यासारखी दिसली तर 'ॲट'. जिला काहीतरी टेकलंय, चिकटलंय अशी पाठ किंवा रेघ दिसली तर 'ऑन'. आत काहीतरी मावलंय असं पोट दिसलं तर 'इन'. 'या वाक्यात' हे शब्द महत्त्वाचे, कारण एकच जागा तिन्ही रूपं घेते. दादर स्टेशन घ्या. मैत्रिणीला भेटायची खूण म्हणून सांगताय तर तो ठिपका, 'आय ॲम ॲट दादर स्टेशन'. तिने विचारलं, स्टेशनात नक्की कुठे? फलाट ही पाठ, 'ऑन द प्लॅटफॉर्म'. पाऊस आला म्हणून आत जाऊन बसलात, 'इन द वेटिंग रूम'.

ठिपक्याचं मर्म कळायला आपलं 'मु. पो.' फार उपयोगी आहे. मुक्काम पोस्ट. गावाकडच्या इंग्रजी पत्त्यांवर त्याचंच 'ॲट पोस्ट' झालं, आणि ज्याने कुणी मुक्कामासाठी 'ॲट' निवडलं त्याला भाषा कळत होती असं मला नेहमी वाटतं. (बोलताना मात्र 'आय लिव्ह ॲट पोस्ट अमुक' म्हणायचं नाही. ते पाकिटापुरतंच.) 'ॲट' म्हणजे मुक्काम, प्रवासातली थांबायची जागा. गाडी लोणावळ्याला थांबली, आम्ही चिक्की घेतली, 'वी स्टॉप्ड ॲट लोणावळा'. तिथेच दोन दिवस राहिलो, तर गावाला पोट आलं, 'वी स्टेड इन लोणावळा'. याच कारणाने 'अराइव्ह' हे क्रियापद स्टेशनापुढे 'ॲट' घेतं आणि शहरापुढे 'इन'.

मराठीतही ठिपका दाखवणारे प्रत्यय आहेत, ते ओळखून ठेवा. सप्तमीचा जुना 'ई' 'घरी'मध्ये शिल्लक आहे, म्हणजे 'ॲट होम'. 'मामाकडे', 'डॉक्टरकडे' यातला 'कडे' म्हणजे 'ॲट माय अंकल्स', 'ॲट द डॉक्टर्स'. शेवटचा 'स' विसरू नका, त्यात घर किंवा दवाखाना लपलेला असतो. 'लग्नाला', 'पार्टीला' यातला 'ला' म्हणजे 'ॲट अ वेडिंग', 'ॲट अ पार्टी'. 'शी' आणि 'पाशी' तर हुकमी आहेत. टेबलाशी बसलेला माणूस 'ॲट द टेबल', टेबलावर बसलेलं मांजर 'ऑन द टेबल'. हे उलटं केलंत तर पाहुणा ताटात पाय घालून बसतो.

'ऑन'साठी वरची बाजूच लागते हा गैरसमज काढून टाका. स्पर्श पुरतो. छताला पंखा, भिंतीला पाल, पाकिटाला तिकीट, शर्टाला डाग. मराठीत 'ला', इंग्रजीत सगळीकडे 'ऑन'. रेघेचंही तसंच. किनारा, सीमा, रस्ता आणि नदी या इंग्रजीच्या नजरेत रेघा आहेत, आणि रेघेला लागून असलेली गोष्ट 'ऑन' असते. म्हणून 'रत्नागिरी इज ऑन द कोस्ट'. म्हणूनच 'नाशिक इज ऑन द गोदावरी', 'लंडन इज ऑन द थेम्स'. पहिल्यांदा ऐकताना नाशिक पाण्यावर तरंगतंय असं वाटतं, पण अर्थ साधा आहे, गोदाकाठी.

मजल्यावर म्हणजे 'ऑन द थर्ड फ्लोअर', इथे मराठीच कामी येते. फक्त अमेरिकेत जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, तिथला 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे बहुधा आपला तळमजला. ब्रिटनमध्ये मजले आपल्यासारखेच मोजतात.

'इन'मध्ये शहर, देश, खोली, पिशवी ही सरळ मंडळी आहेत. ऊन, पाऊस, सावली, आकाशही पोटंच, आणि मराठीतही ती 'त'च घेतात. खरी गंमत झाडाची आहे. झाडाला आंबे लागतात आणि झाडावर पोपट बसतो, हा भेद मराठी करते. इंग्रजीही करते, पण तिचा भेद असा, की आंबे 'ऑन द ट्री' आणि पोपट 'इन द ट्री'. आंबा झाडाला चिकटलेला आहे, पोपट पानांच्या घुमटात शिरलेला आहे. आपल्याकडे सर्रास 'अ बर्ड ऑन द ट्री' ऐकू येतं. कळतं सगळ्यांना, पण कानाला खटकतं. हा पोपट एका फांदीवर दाखवायचा असेल तर मात्र 'ऑन अ ब्रँच'. आरशाचंही असंच. आरशात चेहरा 'इन द मिरर', आरशावर टिकली 'ऑन द मिरर'. इथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. कोपऱ्याचंही जुळतं. खोलीच्या कोपऱ्यात 'इन द कॉर्नर', रस्त्याच्या कोपऱ्यावर 'ऑन द कॉर्नर' किंवा 'ॲट द कॉर्नर'. जिथे अशी जुळणी सापडेल तिथे मराठीवर खुशाल विसंबा.

सरावासाठी मी एक फुकटचा उपाय सांगते. क्रिकेटचं इंग्रजी समालोचन ऐका. क्षेत्ररक्षकाची जागा हा ठिपका, म्हणून 'ॲट स्लिप', 'ॲट मिड-ऑन'. 'ॲट पॉइंट'मध्ये तर नावच ठिपका आहे. सीमारेषा ही रेघ, म्हणून 'ऑन द बाउंड्री'. मागची मोकळी जागा हे पोट, म्हणून 'इन द डीप'. सामना वानखेडेवर असला तरी समालोचक 'ॲट द वानखेडे'च म्हणतो, 'ऑन' नाही. २०११ चा विश्वचषक आपण कुठे जिंकला हे एका वाक्यात सांगून पाहा, 'ॲट द वानखेडे, इन मुंबई'. ठिपका आधी, त्याला पोटात घेणारं शहर नंतर.

तिसरी पायरी : वाहन असेल तर वेगळा हिशोब

इथे चित्र दगा देतं, म्हणून नियम पाठ करा. ज्या वाहनात उभं राहून चालता येतं, ते 'ऑन'. 'ऑन द बस', 'ऑन द ट्रेन', 'ऑन द प्लेन', 'ऑन द शिप'. ज्यात वाकून शिरावं लागतं आणि बसूनच राहावं लागतं, ते 'इन'. 'इन द कार', 'इन अ टॅक्सी', 'इन ॲन ऑटो'. ज्यावर टांग टाकून बसतो ते पुन्हा 'ऑन', म्हणजे सायकल, मोटारसायकल, घोडा. आपल्याकडे 'गाडी' म्हणजे स्कूटरही आणि चारचाकीही, पण 'गाडीवर आलो' आणि 'गाडीत आलो' यातून आपण बरोबर ओळखतो. तोच भेद इंग्रजीत नेमका लागू पडतो. छोटी होडी 'इन', मोठं जहाज 'ऑन'.

'आय ॲम ऑन द ट्रेन' म्हणताना मुंबईकरांना टपावर बसलेली माणसं आठवतात. तसं काही नाही, तुम्ही आतच आहात. आतल्या हवेबद्दल, गर्दीबद्दल बोलायचं असेल तर 'इन द ट्रेन'ही चालतं, कारण तेव्हा डब्याचं पोट महत्त्वाचं झालेलं असतं.

चौथी पायरी : समोर, मध्ये, उत्तरेला

माझ्या अनुभवात सर्वात महागात पडणारा शब्द 'समोर' आहे. देवळासमोर बँक आहे, असं आपण दोन वेगळ्या परिस्थितींत म्हणतो. एकात मध्ये रस्ता असतो आणि दोन्ही इमारती एकमेकींकडे तोंड करून असतात. तिथे 'ऑपोझिट द टेंपल', अमेरिकेत 'अक्रॉस फ्रॉम द टेंपल'. दुसऱ्यात मध्ये काही नसतं, वस्तू देवळाच्या पुढ्यातच असते. देवळासमोर फुलवाली बसते ती 'इन फ्रंट ऑफ द टेंपल'. परक्या माणसाला 'माय हाउस इज इन फ्रंट ऑफ द बँक' सांगितलंत तर तो बँकेच्याच फुटपाथवर तुमचं घर शोधत राहतो. मी स्वतः एका पाहुण्यांना असंच उन्हात फिरवलंय आणि वर त्यांनाच विचारलंय, की सापडलं कसं नाही. रस्ता ओलांडावा लागतो का, एवढं विचारलं की उत्तर मिळतं. ओलांडावा लागत असेल तर 'ऑपोझिट'.

'मध्ये'चे तीन तुकडे होतात. पिशवीमध्ये 'इन'. मुंबई आणि पुण्याच्या मध्ये लोणावळा 'बिट्वीन'. गर्दीमध्ये, झाडांमध्ये हरवलेलं काही असेल तर 'अमंग'. शाळेत शिकवतात की दोघांत 'बिट्वीन' आणि तिघांपुढे 'अमंग'. हा नियम अर्धवट आहे. शेजारी एकेक करून वेगळे दिसत असतील तर ते कितीही असोत, 'बिट्वीन' चालतं. स्वित्झर्लंड हे फ्रान्स, जर्मनी, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या मध्ये आहे, इथे चार देश असूनही 'बिट्वीन'च. मोजता न येणारा घोळका असला की 'अमंग'.

दिशा सांगताना 'ला' फसवतो. नागपूर महाराष्ट्राच्या पूर्वेला आहे आणि तेलंगणाही महाराष्ट्राच्या पूर्वेला आहे. दोन्ही वाक्यं मराठीत चोख, पण नागपूर महाराष्ट्राच्या आत आहे आणि तेलंगणा बाहेर. इंग्रजी ही गोष्ट शब्दातच सांगते. आत असेल तर 'इन द ईस्ट ऑफ महाराष्ट्र', बाहेर असेल तर 'टू द ईस्ट ऑफ महाराष्ट्र'. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ॲकॅडमिक प्रकारात पहिल्या लेखनप्रश्नात कधीकधी एखाद्या गावाचे जुने आणि नवे नकाशे देतात, तेव्हा हा एक भेद न पाळल्याने तलाव गावाबाहेर जातो नाहीतर कारखाना गावात येतो. किनारपट्टी ही रेघ, त्यामुळे मुंबई 'ऑन द वेस्ट कोस्ट'. डावीकडे, उजवीकडे हे 'ऑन द लेफ्ट', 'ऑन द राइट'.

वर-खालीबद्दल थोडक्यात. स्पर्श असेल तर 'ऑन'. स्पर्श नाही पण थेट डोक्यावर आहे किंवा पलीकडपर्यंत पसरलंय, तर 'ओव्हर'. नुसती उंची मोजायची असेल तर 'अबव्ह'. कळसूबाई समुद्रसपाटीपासून १,६४६ मीटर उंच, हे 'अबव्ह सी लेव्हल'. शिखर हा टोकाचा ठिपका, म्हणून तिथे पोचलेला माणूस 'ॲट द टॉप'. 'अंडर' हे 'ओव्हर'चं उलट, 'बिलो' हे 'अबव्ह'चं.

पाचवी पायरी : काहीच लागत नाही ना, ते तपासा

आपल्याला प्रत्ययाशिवाय चैन पडत नाही, म्हणून जिथे नको तिथेही आपण 'इन' नाहीतर 'टू' घालतो. 'ही लिव्ह्ज इन अब्रॉड' हे चूक, नुसतं 'अब्रॉड'. 'हिअर', 'देअर', 'अपस्टेअर्स' यांच्याआधी असल्या वाक्यांत काही नको. घरी जाताना 'गो होम', मध्ये 'टू' नको. दोन क्रियापदं तर आपल्याकडे हमखास बिघडतात. 'रीच' आणि 'एंटर' यांच्या पोटातच जागा असते. 'आय रीच्ड द स्टेशन', 'शी एंटर्ड द रूम'. 'रीच्ड ॲट', 'एंटर्ड इन' हे मराठीचं सावट.

'जवळ'लाही इथेच गाठूया. 'निअर द स्टेशन' पुरेसं, 'निअर ऑफ' असं काही नसतं. अगदी लागून असेल तर 'नेक्स्ट टू' किंवा 'बिसाइड'. 'बिसाइड्स' लिहिलंत तर अर्थ बदलून 'शिवाय' होतो. आणि माझ्याजवळ पेन आहे हे वाक्य जागेचं नाहीच, मालकीचं आहे. तिथे 'आय हॅव अ पेन'.

पत्ता, पान आणि पडदा

पत्त्यात घरक्रमांक असेल तर 'ॲट', नुसता रस्ता असेल तर 'ऑन', शहर असेल तर 'इन'. ब्रिटनच्या पंतप्रधानांचं घर 'ॲट १० डाउनिंग स्ट्रीट'. क्रमांक काढला की ब्रिटिश माणूस बहुधा 'इन डाउनिंग स्ट्रीट' म्हणेल, अमेरिकन माणूस रस्त्यापुढे 'ऑन' वापरेल. दोन्ही बरोबर, फक्त एका लेखात एकच पद्धत ठेवा. रुग्ण ब्रिटनमध्ये 'इन हॉस्पिटल' असतो, अमेरिकेत 'इन द हॉस्पिटल'.

छापील आणि पडद्यावरच्या जागा बहुतेक मराठीसारख्याच. पुस्तकात 'इन', बाराव्या पानावर 'ऑन', पानाच्या तळाशी 'ॲट द बॉटम'. बघा, 'शी' इथेही ठिपकाच दाखवतो. वेबसाइटवर, व्हॉट्सॲपवर 'ऑन', पण व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये 'इन'. ईमेलमध्ये 'इन', फोटोमध्येही 'इन'. तुमचं बोट फोटोच्या कागदावर असेल तेवढंच 'ऑन'.

आता एक वाक्यमालिका घ्या आणि प्रत्येक जागी शब्द बोलून पाहा. आमचं घर पंढरपूरला, दुसऱ्या मजल्यावर. समोर, रस्त्यापलीकडे, दवाखाना. खिडकीशी खुर्ची, खुर्चीत आजोबा, भिंतीला घड्याळ. बाहेर कडुनिंबावर खार. बाबा बसमध्ये आहेत, ताई मावशीकडे.

माझी उत्तरं क्रमाने अशी : इन, ऑन, ऑपोझिट, बाय, इन, ऑन, इन, ऑन, ॲट. खिडकीशी 'ॲट' लिहिलंत तरी मी गुण कापणार नाही. आजोबांच्या खुर्चीला हात असतील, तिच्यात ते रुतून बसले असतील, तर 'इन द चेअर'. तीच साधी लाकडी, बिनहाताची असेल तर ते 'ऑन द चेअर'. आणि खार 'ऑन' लिहिलीत तर तुमची खार पानांतून उतरून खोडावर आलीय, एवढं ध्यानात ठेवा.